मदत हवी आहे: नवी आयरिश धून बसली की जुनी निसटते
आयर्लंडमधल्या गॉलवेत राहतो, डी सुरातलं टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वाजवतो. जानेवारीपासून आठवड्याला एक धून बसवायचा नेम केलाय, १४ झाल्या. ६/८ तालातल्या जिग (नाचाच्या धुनांचा एक प्रकार) पक्क्या राहतात. घोटाळा रीलचा, म्हणजे नाचाच्या धुनांच्या दुसऱ्या प्रकाराचा: ए (पहिला) भाग नीट जातो, बी (दुसरा) भाग सुरू झाला की बोटं भलत्याच रीलमध्ये शिरतात.

नोटेशनवरून शिकून पाहिलं, पण सेशनमध्ये (सगळे जमून वाजवतात तिथे) कागद कुणी समोर ठेवत नाही. आता रेकॉर्डिंग संथ करून, आधी गुणगुणून, मग वाजवतो. त्याने खूप फरक पडला. वेळ मात्र रोज अर्धाच तास, आणि शेजाऱ्यांमुळे रात्री नऊनंतर बंद. नेम मला मोडायचा नाहीये.

या अर्ध्या तासात नवीन किती नि उजळणी किती? सारख्या वळणाच्या रील वेगळ्या कशा लक्षात ठेवता?