मदत हवी आहे: काणकोणात सायकलचा मागचा स्पोक तुटलाय

नमस्कार मंडळी, मी आणि मित्र सावंतवाडीहून गोकर्णला सायकलवर निघालोय, आज दुसरा दिवस. पहाटे पणजी सोडली, मडगावला पातळभाजी-पाव हाणला, बाळ्ळीच्या पुढे करमल घाट चढेपर्यंत सगळं ब्येस होतं आणि उतार लागला तोच मित्राच्या मागच्या चाकातून कट्ट आवाज आला, बघतो तर स्पोक तुटलेला, तोही नेमका गिअरच्या बाजूचा, आणि चाक लचकून ब्रेकला घासायला लागलं. सामान सगळं मागच्या कॅरिअरवर बांधलंय त्याने, मी निघतानाच बोललो होतो थोडं पुढे घे म्हणून, पण ऐकेल तर शपथ. मागचा ब्रेक सोडवला, तुटलेली तार शेजारच्या तारेला टेपने बांधली आणि वळणांवर ट्रक अंगावर येत असताना बाकी घाट चालत उतरलो.

आता काणकोणच्या चावडी बाजारात बसलोय. इथल्या दुकानात साध्या सायकलचेच स्पोक आहेत, लांबी जुळत नाही, आणि कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) काढायचं टूलपण नाही.

तर ७००सी (गिअरच्या रोड सायकलचं माप) चाकाचे स्पोक आणि हे टूल मडगावात किंवा कारवारला कुठे मिळेल? ३२ पैकी एक स्पोक नसताना, सामान माझ्या सायकलवर घेऊन, कारवारपर्यंतचे पस्तीसेक किमी हळूहळू मारले तर चालेल का, की रिमची वाट लागेल? तो म्हणतोय चल जाऊया, माझा जीव होत नाही. कोणी केलंय का असं? उद्या सकाळी निघायचंय, लवकर सांगा प्लीज.