ट्रान्स पुन्हा आलाय, की टेक्नोनं त्याचे कपडे घातलेत?

रातकिडा:
मी ऐकायला लागलो तेव्हा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा प्रकार १३८ बीपीएमवर (मिनिटाला १३८ ठोके) पळायचा. पुढे तो १२८-१३० वर उतरला आणि हाउस या त्याच्या भावंडासारखा वाटायला लागला. आता टेक्नो या दुसऱ्या भावंडाच्या डीजे-सेटमध्ये १४५ वर अचानक ट्रान्सची सुरावट येते आणि अंगावर काटा येतो. हे तेच आहे का? आणि पुढे काय ऐकू येणार?

कानसेन:
वेगावर जाऊ नका हो. 'एज ऑफ लव्ह' हे ट्रान्सचं जुनं गाणं १९९० चं, जॅम अँड स्पून या जोडीचं त्याचं गाजलेलं रिमिक्स १९९२ चं. फ्रँकफर्टमध्ये डीजे स्वेन फेटच्या आय क्यू आणि हार्टहाउस या लेबलांवर ट्रान्स निघत होता, तेव्हा सुपरसॉ या भरदार आवाजाचा पत्ताही नव्हता. सुरांची एकच आकृती फिरत राहायची, आवाज गाळणारा फिल्टर सावकाश उघडायचा आणि कधी गुंगलो ते कळायचं नाही.

मग १९९६ मध्ये रोलँडचा जेपी-८००० हा सिंथेसायझर आला. त्यातला सुपरसॉ म्हणजे सात सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी, एकमेकींपासून किंचित सरकवलेल्या. सातजण एकच सूर गातात पण गळे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच तो सूर भरदार लागतो, तसंच हे. आज आपण ज्याला 'ट्रान्सचा आवाज' म्हणतो तो बराचसा या एका बटणाचा आहे. (मला आवडतो, पण पुढे त्याचं लोणचं घातलं लोकांनी.)

खरा फरक ब्रेकडाउनमध्ये पडलाय, म्हणजे किक (ताल धरणारा ढोलाचा ठोका) थांबते त्या भागात. मी घरी ट्रॅक बनवतो. १३८ वर ६४ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) ब्रेकडाउन केला, म्हणजे १ मिनिट ५१ सेकंद किक नाही. ज्याला ऐकवला तो साठाव्या सेकंदाला म्हणाला, "बंद पडलं का?" हल्ली १५० वर १६ बार चालतात, जेमतेम २६ सेकंद. सुरावट तीच, पण वाट बघायला लावणं गेलं. माझ्या मते ट्रान्स म्हणजे ते वाट बघणंच होतं.

सिंथवेडी:
कानसेन, तुम्ही सायट्रान्स (सायकेडेलिक ट्रान्स) विसरलात. तिथे मजा ब्रेकडाउनवर अवलंबून नाहीच. एक किक, तिच्यामागे बेसचे तीन ठोके, हे अर्धा तास चाललं तरी कुणी तक्रार करत नाही. गोव्याहून निघालेली ती शाखा बाकीच्यांच्या चढउतारांत टिकली ती त्यामुळेच.

कानसेन:
कबूल, विसरलो. उलट तुमच्यामुळे माझा मुद्दा पक्का झाला: तिथेही गुंगवतो तो सातत्यानंच. आणि रातकिडा, 'एज ऑफ लव्ह'चंच २०२१ मध्ये शार्लट द विट आणि एनरिको सांज्युलियानो या टेक्नो डीजेंनी रिमिक्स केलं. म्हणजे टेक्नोवाले चोरी करत नाहीयेत, आजोळी आलेत. फ्रँकफर्टमध्ये तरी ही दोघं एकाच घरात वाढली. पुढचा आवाज तिथूनच येईल असं मला वाटतं: किक टेक्नोची, सुरावट ट्रान्सची, सुपरसॉ कमी, ॲसिड (सिंथचा चिरकणारा बेस) जास्त.

रातकिडा:
ते ६४ बारवालं कुठे ऐकायला मिळेल?

कानसेन:
बेस अजून बसत नाहीये. किक आली की तो दबतो, साइडचेन (किकच्या वेळी बेस आपोआप दाबणारी सोय) हलका केला की दोघांची मारामारी. रविवारी चढवतो. साठ सेकंदांनंतरही थांबा.