मदत हवी आहे : एमएम ५४० ला मोठं डिझेल इंजिन – प्यूजो २.५ की डीआय?

कातळकर
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे. वरचा भाग कातळावर, खालचा खाडीकडे उतरत गेलेला. खालचा आंबा वर आणायला घरची जीप वापरतो. महिंद्रा एमएम ५४०, १९९२ ची, फोर बाय फोर, वडिलांनी घेतलेली. इंजिन मूळचंच : प्यूजो एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, कागदावर ६२ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स केएमटी ९०, चार गिअरचा. पुनर्नोंदणी झालेली आहे, विमा चालू आहे.

गाडी आता ओढत नाही. क्रेट भरले की बागेतल्या चढणीला लो (फोर बाय फोरचा हळू पण जोराचा गिअर) टाकूनही पहिल्यातच राहते आणि मागं काळा धूर सोडते. फोंडा घाट माल घेऊन चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत, आणि मागे एसटीची रांग. पावसाळ्याआधी होडी वर ओढायलाही हीच गाडी लावतो. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, पण ज्या दिवशी हवा त्या दिवशी तो सगळ्यांनाच हवा असतो.

तीन पर्याय कानावर आलेत. पहिला, जुन्या मार्शल किंवा बोलेरोतून निघालेलं प्यूजो एक्सडी३पी, २४९८ सीसी. दुसरा, महिंद्राचं २५२३ सीसी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो. तिसरा कणकवलीच्या एका पोरानं सुचवला : थारचं सीआरडीई (सेन्सर आणि संगणकावर चालणारं डिझेल इंजिन), १०५ हॉर्सपॉवर. ते ऐकून माझेही डोळे चमकले, खोटं कशाला सांगू. पण गाडी वर्षभर खाऱ्या वाऱ्यात उभी असते. वायरिंग आणि सेन्सर किती टिकतील देव जाणे.

कुठलं इंजिन कमी तोडफोडीत बसेल? गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) तेच ठेवता येतील का? सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुढच्या ॲक्सलला लागेल का? आणि आरटीओचं काय करायचं? गाडी विकून नवा पिकअप घे, हा सल्ला घरात रोज मिळतो, तो कृपया इथे नको.

घाटवाट
इंजिन उतरवायच्या आधी दोन प्रश्न. धूर काळा म्हणता, तो फक्त चढाला की सपाटीलाही? सकाळी थंड इंजिन चालू करताना पांढरा धूर येतो का? काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर ऑइल बाथचा असेल तर त्यातलं तेल आणि गाळ बघा. मेस्त्री लोकांची एक सवय असते, गाडी ओढत नाही म्हटलं की डिझेल पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून देतात. धूर वाढतो, ताकद फारशी नाही.

शिडाचो वारो
इंजिन बदलूच्या आधी नोझल नी पंप तपासून घी. माझ्या गाडयेक असाच झाला होता. मेस्त्री म्हणी, इंजिन उतरव. शेवटाक टाकयेच्या तळाक पाणी नी गाळ गावलो. टाकी धुतलंय, फिल्टर बदललंय, गाडी चढूक लागली.

जुना फिटर
वरच्या दोघांशी सहमत, आधी कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. साधी खूण हवी असेल तर इंजिन गरम करून चालू ठेवा आणि तेलाचं झाकण उघडा. धूर भसाभसा बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग कुठलाही पंप लावा, काही होणार नाही. गेजवर चारही सिलिंडर मोजा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा.

आता तुमचे पर्याय. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८३. एक्सडी३पीचा बोअर ९४, स्ट्रोक ९०. दोन्ही एकाच घराण्यातली. म्हणून बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लच या बाबतीत त्रास सगळ्यात कमी. तरी नुसत्या शब्दावर घेऊ नका. तुमच्या बेल हाउसिंगचे बोल्ट आणि डॉवेल (नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) पुठ्ठ्यावर छापून घ्या आणि तो पुठ्ठा घेऊनच भंगारवाल्याकडे जा.

सम्पचा प्रश्न बरोबर विचारलात. मार्शल टू-व्हील ड्राइव्ह असेल तर तिचा सम्प तुमच्या पुढच्या ॲक्सलला किंवा प्रॉपेलर शाफ्टला (डिफकडे जाणारा लांब दांडा) लागू शकतो. स्प्रिंग पूर्ण दबली की किती जागा उरते ते बघा, गाडी उभी असताना नव्हे. तुमचा जुना सम्प आणि तेलाची जाळी नव्या इंजिनाला लावायचा विचार असेल तर लक्षात घ्या, स्ट्रोक ७ मिमीनं जास्त म्हणजे क्रँक साडेतीन मिमी बाहेर फिरतो. सम्प लावून क्रँक हातानं पूर्ण फिरवा, कुठे घासत नाही ना बघा, मगच तेल भरा.

डीआयबद्दल लोकांचा गोंधळ होतो. थारमधल्या डीआयची ताकद ६३ हॉर्सपॉवर, म्हणजे तुमच्या इंजिनाइतकीच. फरक आरपीएमचा. तुमचं इंजिन ती ताकद ४५०० ला देतं, डीआय ३२०० ला, आणि टॉर्क (ओढायचा जोर) त्याच्याही बऱ्याच कमी आरपीएमला. बागेत, होडी ओढताना डीआय राजा आहे. मूळ ट्रॅक्टरच्या इंजिनातून आलेलं, ८८.९ बोअरला १०१.६ चा लांब स्ट्रोक. पण हायवेला तुमच्या गिअरिंगवर दमणार. डिफ (ॲक्सलमधला डिफरन्शियल गिअर) ४.८८ गुणोत्तराचं आणि ६.०० – १६ टायर धरले तर चौथ्या गिअरला ४५०० आरपीएमवर गणितानं १२० किमीच्या आसपास येतं, ३२०० वर ८६ च्या आसपास. प्रत्यक्षात ६० – ६५ च्या पुढे कानाला त्रास. शिवाय बेल हाउसिंग वेगळं आणि माउंट (इंजिन टेकतं ते आधार) नव्यानं वेल्ड करावे लागणार. कोकणातल्या तीस वर्षांच्या चॅसिसवर वेल्डिंग करायच्या आधी हातोडीनं ठोकून बघा, आवाज बद्द आला तर आधी चॅसिस.

बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स इंजिनाबरोबर मिळतोय म्हणून उचलू नका. तुमच्या ट्रान्स्फर केसमधून मागची शाफ्ट एका बाजूनं निघते आणि मागचं डिफही त्याच बाजूला आहे. बॉक्स बदलला की शाफ्ट, ॲक्सल सगळंच मागे लागतं.

सीआरडीई घेऊ नका असं नाही म्हणत. इंजिन उत्तम. पण ईसीयू (इंजिनाचा संगणक), हार्नेस (वायरिंगचा जुडगा), इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी), टाकीपर्यंतची लाइन, सगळं मूळ गाडीतलं एकत्र मिळालं तरच. आणि केएमटी ९० ला तेवढा टॉर्क रोज द्यायचा का, हा वेगळा प्रश्न.

कातळकर
@शिडाचो वारो, टाकी उघडली. गाळ होता, पाणी नव्हतं. धुऊन फिल्टर बदलले, फरक थोडाच.

@घाटवाट, काळा धूर फक्त भार असताना. सकाळी पांढरा धूर येतो आणि इंजिन थोडा वेळ तीनच सिलिंडरवर चालल्यासारखं हलतं.

@जुना फिटर, कंप्रेशन मोजून घेतलं. तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली. झाकण उघडल्यावर तुम्ही म्हणालात तसाच धूर. म्हणजे हे इंजिन तसंही बांधावंच लागणार. मग बांधायचा खर्च २.५ वरच का करू नये?

जुना फिटर
करा. पण भंगारातलं २.५ जसं आहे तसं बसवू नका. तेही तेवढंच जुनं. हेड उघडून लायनर-पिस्टन, बेअरिंग बघा, हेडची सपाटी तपासा, नोझल आणि पंप बेंचवर घ्या. रेडिएटरही रॉडिंग करून (नळ्या सळईनं साफ करून) घ्या. विहिरीचं पाणी घालत आलात तर आत खडू जमलेला असणार. मोठं इंजिन, तोच रेडिएटर, आणि एप्रिलमधला फोंडा घाट : तापमान वर जाणारच. यापुढे कूलंटच घाला.

कागदपत्रं
इंजिन उतरवायच्या आधी माझं ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे लावलं. त्यानंतरच्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार असा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच जातीचं, त्याच सीसीचं इंजिन बदलणं वेगळं आणि २११२ चं २४९८ करणं वेगळं. दुसऱ्यात नंबरबरोबर क्षमताही बदलते. म्हणून आधी सिंधुदुर्ग आरटीओत लेखी अर्ज, उत्तर हातात आलं की मगच पैसे. इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्या. त्याशिवाय इंजिन कितीही स्वस्त असो, घेऊ नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा. कागद न जुळणारी गाडी घाटात कुणाला लागली तर दावा तिथेच अडकतो.

कातळकर
हे वाचून घाई थांबवली. अर्ज देतो. परवानगी नाही आली तर मूळ २११२ च बांधून घेईन, लायनर-पिस्टन नवे टाकून.

एक उरलं. परवानगी न मिळता जुनंच इंजिन राहिलं, तर बागेतल्या चढणीसाठी डिफचं गुणोत्तर बदलून काही मिळेल का? माझं कुठलं आहे तेच माहीत नाही.

जुना फिटर
मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम. न्यूट्रलमध्ये मागची दोन्ही चाकं उचला, पुढच्या चाकांना दगड लावा. दोन्ही चाकं एकदमच एक फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरते ते खडूची खूण करून मोजा. पाचाला थोडी कमी भरली तर ४.८८, साडेपाचाच्या जवळ गेली तर ५.३८. एकच चाक उचललंत तर त्याला दोन फेरे द्या. ४.८८ निघालं आणि ५.३८ टाकलंत तर ओढ दहा टक्क्यांनी वाढेल, हायवेचा वेग तेवढाच घटेल. पण लक्षात ठेवा, पुढचं आणि मागचं दोन्ही डिफ एकदमच बदलायचं. फक्त मागचं बदलून फोर बाय फोर टाकलंत तर ट्रान्स्फर केस फुटेल.