जीन्सचं ठिगळ टिकलं, शेजारचं कापड फाटलं

केळीवाली, यावल
मी जुन्या जीन्स उसवून पिशव्या आणि बिनबाह्यांची जाकिटं शिवते. घरात केळीचा धंदा, त्यामुळे कच्चा माल घरचाच: चीक उडालेल्या जीन्स. तो डाग एकदा काळा पडला की कुठल्याच पावडरीला दाद देत नाही. मग मी त्यावर दुसऱ्या जीन्सचा तुकडा ठेवून पांढरा धावदोरा घालते, मुद्दाम दिसेल असा. ते बघून आता लोक फाटक्या जीन्सही आणून देतात.

एका कॉलेजच्या पोराच्या गुडघ्यावर चौकोनी तुकडा लावला. चारही बाजूंनी बारीक, घट्ट टीप, पॉलिस्टरचा दोरा. दोन महिन्यांत पोरगं परत दारात. ठिगळ जसंच्या तसं, आणि त्याच्या वरच्या कडेला लागून, पट्टीनं आखल्यासारखी चीर. पैसे परत केले, पण रात्री झोप लागली नाही. आता दोरा आणखी जाड घेऊ का?

धुळ्याचा शिंपी
जाड नको, उलटं करा. जुनं कापड विरलेलं, दोरा मात्र दणकट. ताण आला की बिचारं कापडच जाणार. सुती दोरा घ्या. तुटला तर दोरा तुटेल, तो परत घालता येतो.

दुसरं, चौकोनाची सरळ कड. बारीक टीप म्हणजे एका ओळीत पाडलेली भोकंच, पोस्टाच्या तिकिटासारखी. आणि तुकडा नव्या जाड जीन्सचा होता ना? जुन्याला जुनंच लावा, दोन्हींचा उभा धागा एका दिशेला ठेवून. मशीनवर असाल तर १६ नंबरची सुई, आणि जाड शिवणीवर आधी हातोडीचे दोन ठोके. चक्र हातानं फिरवा, नाहीतर सुई मोडून डोळ्यात.

भुसावळकर
आमच्या लहानपणी ठिगळ लपवायला शर्ट बाहेर काढायचो. आता पैसे देऊन दाखवतात! आणि मे महिन्यात भुसावळात जीन्सचं जाकीट कोण घालतं, ताई?

गोधडीवाली, अमळनेर
भुसावळकर भाऊ, जाकीट डिसेंबरात घाला, मे महिन्यात पिशवी घ्या.

ताई, गुडघ्यावर जे पांढरे धागे लोंबतात ते कापून टाकता का? टाकू नका. जीन्सचा उभा धागा निळा, आडवा पांढरा. निळे झिजून गेले की आडवे उरतात, त्यांना धरूनच शिवायचं. तुकडा आतून लावा आणि भोकापुरता नको. कापड उजेडासमोर धरा, जिथवर विरळ दिसतं त्याच्याही दोन बोटं पुढे न्या.

धावदोऱ्याच्या ओळी एका रेषेत संपवू नका. एक लांब, एक आखूड. वळताना दोरा किंचित सैल सोडा. साशिको म्हणजे जपानी धावदोऱ्याचं काम, ते करणारेही तेच करतात, पण मी शिकले आजीकडून, गोधडीवर. ती म्हणायची, 'दोराले दम लेऊ दे.' घट्ट ओढला की पहिल्याच धुण्यात सगळं चुण्या चुण्या.

केळीवाली, यावल
शिंपीदादा, तुकडा नव्या जीन्सचाच होता. नातेवाइकाच्या जीन्सचे लांब पाय कापून उरलेली पट्टी, रंग मस्त गडद म्हणून लावली. आणि हो, पांढरे धागे मी कात्रीनं साफ केले होते. घाण दिसतात म्हणून!

काल घरच्याच एका जीन्सवर करून पाहिलं. ओळी वरखाली सोडल्या तर पावसाच्या सरींसारखं दिसतं, चौकोनापेक्षा बरंच. वेळ मात्र दुप्पट लागला, एका गुडघ्याला दोन तास. त्याचे किती घ्यायचे ते कोणी सांगितलंच नाही.

पोराला फोन केला, जीन्स आण, फुकट करून देते. म्हणाला, 'मावशी, तीच घालून कॉलेजात आलोय, संध्याकाळी आणतो.'