जर्मनमधील ‘कार्टोफेल’ हा शब्द आला कोठून?

प्रश्न (चिपळूण):
नमस्कार. मी परिचारिका असून परदेशातील नोकरीसाठी जर्मन शिकत आहे. पाठ्यपुस्तकात बटाट्याला ‘कार्टोफेल’ म्हटले आहे, परंतु व्हिएन्नात राहणारी माझी मावसबहीण नेहमी ‘एर्डाप्फेल’ म्हणते. यांतला कोणता शब्द वापरावा, आणि ‘कार्टोफेल’चा आपल्या ‘बटाट्या’शी काही संबंध आहे का?

उत्तर (रत्नागिरी):
संबंध नाही. आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांना तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून मिळाला होता आणि तेथे त्याचा मूळ अर्थ रताळे असा होता. ‘कार्टोफेल’ मात्र इटालियन ‘टार्टुफोलो’पासून, म्हणजे ट्रफल या बुरशीच्या नावावरून आला आहे. पावसाळ्यात आपण वारुळापाशी अळंबी शोधतो, ती निदान डोके वर काढते; ट्रफल झाडांच्या मुळांशी मातीखालीच वाढते, आणि तशीच मातीतून उकरून काढावी लागणारी गोलसर गाठ म्हणून बटाट्याला तिचे नाव पडले. जर्मनमध्ये आधी ‘टार्टुफेल’ असेच म्हणत, पण जवळजवळ आलेल्या दोन ‘ट’कारांपैकी पहिल्याचा पुढे ‘क’ झाला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी बटाट्याच्या लागवडीविषयी जो हुकूम काढला, त्यातही ‘टार्टोफेल्न’ असे जुनेच रूप आढळते. पोट्सडाम येथील त्याच्या थडग्यावर लोक आजही बटाटे ठेवतात, हे मला फार हृद्य वाटते.

उत्तर (मालवण):
‘एर्डाप्फेल’ म्हणजे शब्दशः भुईतले सफरचंद. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीच्या काही भागांत हाच शब्द रूढ आहे, त्यामुळे आपल्या बहिणीचे बरोबरच आहे. हा शब्द युरोपातील बटाट्याहून जुना असून पूर्वी तो खरबूज, काकडी अशा भुईसरपट फळांसाठीही वापरला जाई. न्युरेंबर्ग येथे १४९०च्या दशकाच्या आरंभी मार्टिन बेहाइमने करवून घेतलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोलही याच नावाने ओळखला जातो. पश्चिमेकडील फाल्त्स प्रांतात तर ‘ग्रुम्बेरे’ म्हणतात, म्हणजे भुईतले नाशपाती.

उत्तर (वेंगुर्ले):
परीक्षेत ‘कार्टोफेल’च लिहावे. तो स्त्रीलिंगी आहे, ‘डी कार्टोफेल’, अनेकवचन ‘कार्टोफेल्न’; ‘एर्डाप्फेल’ पुल्लिंगी, कारण त्यातला ‘आप्फेल’ पुल्लिंगी आहे. रुग्णालयाच्या आहारतक्त्यात आपल्याला जोडशब्द अधिक भेटतील: सालासकट उकडलेले ते ‘पेलकार्टोफेल्न’, सोलून मिठाच्या पाण्यात शिजवलेले ते ‘साल्झकार्टोफेल्न’, आणि चावता न येणाऱ्या रुग्णासाठी कुस्करलेले ते ‘कार्टोफेलब्राय’. व्हिएन्नातील रुग्णालयात मात्र त्यालाच ‘एर्डेप्फेलप्युरे’ म्हणतील.