यूपीआय आल्यापासून बँकेत किती वेळा जाता? अनुभव लिहा

काल पासबुक भरायला गेलो तर मशीनने उरलेली सगळी पानं संपवली, तरी दोन महिन्यांच्या नोंदी बाकीच. दहा-वीस रुपयांच्या एंट्र्यांनी पानंच्या पानं भरलीयेत, त्यात पेन्शन कधी जमा झाली ते शोधायला चष्मा दोनदा पुसला. २०१६ ला यूपीआय आलं तेव्हा हे आपलं काम नाही म्हणणारा मीच. तुमचं काय?

—

काका, यूपीआय लाइट चालू करा. छोटी पेमेंट त्यातून जातात, पिनही लागत नाही, आणि पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे टाकल्याची नोंद येते. मी वापरतेय, स्टेटमेंट वाचण्यासारखं झालं एकदाचं.

—

माझं वेगळंच. घरमालकांना भाडं पाठवलं, माझ्या खात्यातून कट झालं, त्यांना मिळालंच नाही, शाखेत गेलो तर म्हणे ॲपवाल्यांना विचारा, ॲपच्या चॅटवर म्हणे बँकेला विचारा, मधल्यामध्ये घरमालकांना मी खोटा वाटतोय ते वेगळंच. चौथ्या दिवशी आपोआप परत आले. पैशांपेक्षा, भांडायला समोर कुणीच नाही याचा जास्त वैताग आला.

—

चौथ्या दिवशी?? भरपाई मागितली का? रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, एकाने दुसऱ्याला पाठवलेले यूपीआयचे पैसे असे लटकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये. खरं तर न मागता मिळायला हवेत, पण तुम्ही व्यवहाराचा नंबर टाकून लेखी तक्रार करा, तोंडी नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

—

आमच्या आईला फोन आला, रिफंड देतोय, पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी फ्रीजवर लिहून चिकटवलं होतं, तिने ते त्यालाच वाचून दाखवलं 😀 (पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.)

—

मी काउंटरला बसते. गर्दी कमी झाली असं तुम्हाला वाटतं, पण पैसे काढणारा दोन मिनिटांत जायचा. आता येतो तो सिम बदललेला, नंबर लिंक नसलेला, नाहीतर चुकीच्या माणसाला पैसे पाठवून बसलेला. एकेकाला अर्धा तास जातो आणि मागचे माझ्यावर चिडतात.

—

लाइट चालू केलं बरं का. नवीन पासबुक मात्र काउंटरलाच मिळतं म्हणे, सोमवारी जातो. मॅडम, तुमची शाखा नसू दे म्हणजे झालं.