अनुभव धागा: शिकणार एक जण, निघणार दोघं. सोबत जाणाऱ्याची तयारी कशी झाली?

संत्राबागवाली
काल पुतणी अन् जवाई लग्नाची नोंद करायला ग्रामपंचायतीत जाऊन आले. जवायाला जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरात सत्र सुरू. त्याची फाईल पाहण्यासारखी आहे, एपीएसच्या (जर्मनीसाठी इथल्या पदव्या तपासणारं केंद्र) प्रमाणपत्रापासून फोटोपर्यंत सगळं कप्प्याकप्प्यात. पुतणीला विचारलं, तुझी फाईल कुठाय? तर म्हणे, काकू, माझं काय, मी तर सोबत चालली. ते ऐकून जुनं सगळं वर आलं, म्हणून लिहून राहिली.

आमचं २०१७ चं. हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकलेले, मी बी.ए., घर मोर्शी तालुक्यात. ह्यांना जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात जायचं होतं. पण नेमकं त्याच हिवाळी सत्रापासून त्या राज्यानं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लावली. मग दुसऱ्या राज्यातलं ग्योटिंगेन विद्यापीठ ठरलं, तिथं फक्त सत्राची वर्गणी होती. खर्चाची हमी म्हणून बंद खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच पैसे निघतात) तेव्हा वर्षाचे ८,६४० युरो दाखवावे लागत, आता ११,९०४ लागतात. हे सगळं घरात पाठ होतं. दिरांना पाठ, मामंजींना पाठ, शेजारच्यांनाही पाठ. माझ्या व्हिसाचं मात्र कोणी विचारलंच नाही. बायको आहे म्हटल्यावर व्हिसा भेटतेच, असं सगळे धरून बसले होते.

तसा भेटत नाही. शिकायला गेलेल्याच्या जोडीदाराला ए-१ची, म्हणजे पहिल्या पायरीची, जर्मन परीक्षा पास व्हावी लागते, लग्नाचा नोंदणी दाखला लागतो, दोघांना पुरेल एवढं घर अन् दोघांचा खर्च दाखवावा लागतो. वसतिगृहातली एकट्याची खोली चालत नाही. शेवटी हे पुढं गेले, मी मागं राहिली.

मोबाईलवर धडे ऐकत शिकली. रात्रीची लाईन असली की मोटर सुरू करायची, झाडांच्या आळ्यात पाणी सोडायचं अन् बांधावर बसून पाठ म्हणायचे. परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेत. तोंडी परीक्षेत नाव, वय, गाव, भाषा, काम, छंद सांगायचे, नावातलं एकेक अक्षर सुटं म्हणून दाखवायचं. घरचे म्हणाले, काम विचारलं तर गृहिणी सांग. मी शेती सांगितली. सातबारा ह्यांच्या नावावर आहे, पण त्या वर्षीचा संत्र्याचा आंबिया बहार मी एकटीनं काढला होता, व्यापाऱ्याशी भाव मी केला होता. मग गृहिणी कशाला सांगू?

एक नावाचं सांगते, पोरींच्या कामी येईल. मी पासपोर्टावर माहेरचंच नाव ठेवलं. दहावीपासून बी.ए.पर्यंतची सगळी कागदं त्या नावाची, अन् दोन्ही घरं जोडायला लग्नाचा दाखला आहेच. नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, कोणी कितीही सांगो.

जे जोडीनं गेले, जायच्या तयारीत आहेत, किंवा ज्यांनी घरून पोरगा-सून पाठवले, त्यांनी लिहा.

कोरडवाहू_यवतमाळ
हाव ताई. आमचं गाडं बँकेत अडकलं होतं. भावाले ऑस्ट्रेलियात प्रवेश भेटला, वहिनी सोबत जाणार. बाबा सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं घेऊन गेले. सायेब म्हणे, काका, वावर तारण चालत नाही. बाबाले लय लागलं ते. जल्मभर ज्या वावरावर पीककर्ज घेतलं, त्यावर पोराच्या शिक्षणाचं कर्ज नाही! मंग समजावून सांगितलं की कर्ज थकलं तर ज्या कायद्यानं बँक घर, प्लॉट इकते, त्यात शेतजमीन येतच नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाले अकृषक प्लॉट नाहीतर घर मागतात. ७.५ लाखाच्या वर कर्ज असलं की तारण लागते. मामाचा यवतमाळचा प्लॉट होता म्हणून निभलं. मामीनं सही करताना एक शब्द इचारला नाही. आता मामीच्या पोरीचं लगन आमच्यावर आहे, अन् ते आम्ही आनंदानं करू.

ठेचा_नि_भाकर
सगळं ठीक आहे पण कुरडया नेल्या का नाही ते सांगा आधी 😄

संत्राबागवाली
@ठेचा नेल्या ना. कुरडया, सांडगे, जवसाची चटणी, सासूबाईंचा काळा मसाला. तूप मात्र नेऊ नका, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ चालत नाहीत. सासूबाईंनी डबा भरला होता, तो नणंदेकडं दिला.

ठेचा_नि_भाकर
घरचं तूप?? अरेरे

मास्तर_दिग्रस
मी बायकोच्या सोबत गेलेला माणूस, म्हणून लिहितो. हिला इंग्लंडात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. आधी मास्टर्सचा विचार होता, पण १ जानेवारी २०२४ पासून तिथं वर्गात शिकवायच्या मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही, फक्त पीएच.डी. अन् संशोधनाच्या पदव्यांना नेता येतो. तिनं नियम वाचला अन् म्हणाली, एकटी जाऊन एक वर्षात परत येते, नाहीतर आणखी एक वर्ष थांबून संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करते, पण दोघं जाऊ. थांबली.

मी खासगी शाळेवर होतो, राजीनामा दिला. पारावर जे बोलल्या गेलं ते लिहीत नाही. आईला त्याचा त्रास झाला, मला कमी. माझी तयारी म्हणजे काय तर टीबीची तपासणी (त्यांच्या यादीतल्याच दवाखान्यात चालते), लग्नाचा दाखला, अन् तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार. हा अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड आहे अन् जेवढ्या वर्षांचा व्हिसा तेवढ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, दोघांचाही. विमानाच्या तिकिटापेक्षा हा आकडा मोठा निघतो, तो आधी धरा. पीएच.डी.वाल्याच्या जोडीदाराला तिथं काम करता येतं. मी आधी गोदामात केलं, आता एका शाळेत मदतनीस आहे. आईला फोनवर वर्ग दाखवला तेव्हा तिनं शेजारणीला बोलावून दाखवला.

वणीची_लेक
मास्तर, तुमच्या बायकोला नमस्कार सांगा. थांबली हे मोठंच केलं.

आबाजी_दर्यापूर
नातू टाईप करून राह्यला, मी सांगून राह्यलो. माहा धाकटा अन् सून गेले. जायच्या आंधी सुनंनं मले फोनवरून पैसे पाठवाले शिकोलं, कापूस इकल्यावर चुकारा खात्यात आला का ते पाहाले शिकोलं. बुढीच्या गोया वारापरमानं डब्बीत भरून देल्ल्या. पोरगा तिकडची तयारी करत होता, सून तिकडची बी करे अन् इकडची बी. साक्षगंधाच्या येळी लोक म्हनत, पोरगी लय बोलत नाही. बोलत नसंन, पन इचार करते. म्हशी इकू नका म्हने बाबा, पन चाऱ्याचं जमलं नाही. एक ठेवली.

मास्तर_दिग्रस
आबाजी 🙏 कोणती ठेवली?

आबाजी_दर्यापूर
नागपुरी. दूध कमी हाय पन उन्हाळा सोसते.

ओली_तूर
मला सल्ला पाहिजे, घाईत लिहिते, कुकर लावलाय. माझा नवरा कॅनडाला कॉलेजच्या डिप्लोमाला अर्ज करतोय. नागपूरचा एजंट म्हणतो ताई तुम्हाला तिथं कामाचा परवाना नक्की. त्या भरवशावर खर्चाचं गणित बसवलंय, माझा पगार धरून. दागिने मोडायचं ठरतंय. कोणी खात्रीनं सांगेल का?

वणीची_लेक
@ओली_तूर दागिने मोडू नका, आधी हे वाचा. २१ जानेवारी २०२५ पासून कॅनडात विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुला कामाचा परवाना हवा असेल तर तो विद्यार्थी किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएच.डी.ला किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांना असावा लागतो. साध्या डिप्लोमावर मिळत नाही. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर आहे. एजंटाला लेखी मागा, देतो का पाहा.

ओली_तूर
लेखी मागितलं. म्हणे ऑफिसात या, बोलू.

कोरडवाहू_यवतमाळ
मंग समजलं.

ओली_तूर
हो. रात्री ह्यांच्याशी बोलते. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं हो सगळं, म्हणून जास्त वाईट वाटतंय. पण दागिने मोडायच्या आत कळलं. ताई, फार उपकार.

संत्राबागवाली
ओली_तूर, वाईट वाटणारच. तुम्ही तुमचा पगार धरून गणित मांडलं, म्हणजे तुम्हीही निघायच्या तयारीत होता, नुसत्या मागं चालल्या नव्हता. तेच गणित दुसऱ्या देशाचं मांडा. जर्मनीत जोडीदाराला काम करायची मोकळीक आहे, मी केलं. भाषेचा डोंगर आहे, पण चढता येतो.

वणीची_लेक
माझंही लिहून टाकते, बरेच दिवस लिहायचं होतं. आम्ही अमेरिकेत. नवरा एफ-१ वर (विद्यार्थ्याचा व्हिसा) पीएच.डी.ला, मी एफ-२ वर (त्याच्या जोडीदाराचा). मी बी.ई., नागपूरला नोकरी करत होती. एफ-२ वाल्याला नोकरी करता येत नाही, अजिबात नाही. हे मला जायच्या आधी माहीत होतं, व्हिसाच्या मुलाखतीतही विचारलं होतं. माहीत असणं वेगळं अन् सकाळी नऊ वाजता घरात एकटं उरणं वेगळं. आईशी बोलायचं तर तिकडं रात्र. नवऱ्याचं चांगलं चाललंय, ह्याचा खरा आनंद होता, अन् त्याच वेळी स्वतःचं काहीच चाललेलं नव्हतं. दोन्ही एकत्र असतं, कोणाला सांगताही येत नाही. गावी सांगितलं तर म्हणणार, अमेरिकेत बसून रडते.

मग कळलं की एफ-२ वर अर्धवेळ शिकता येतं. कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय घेतला. नंतर स्वतःचा प्रवेश मिळवून एफ-१ वर गेली. म्हणून जाणाऱ्या मैत्रिणींना सांगते, निघायच्या आधी आपल्या व्हिसावर काय करता येतं ते नीट वाचा अन् पहिल्या सहा महिन्यांचं आपलं आपण काहीतरी ठरवा. नवऱ्याचं वेळापत्रक हे आपलं वेळापत्रक नसतं. नवरा जे-१ वर (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) जाणार असेल तर जे-२ वाल्याला, म्हणजे जोडीदाराला, कामाची परवानगी मागता येते, तेही विचारून घ्या.

ठेचा_नि_भाकर
ताई, वाचून गलबललो. माझी बहीण एफ-२ वरच आहे, नेहमी "मस्त चाललंय" म्हणते. आज फोन करतो.

वणीची_लेक
करा. अन् लवकर ठेवू नका.

गुरुजी_वाशीम
अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला मिळाली. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं मिळतं, पण ते विद्यार्थ्याचंच. जोडीदाराचा खर्च त्यात नाही. त्याची बायको अंगणवाडी सेविका, ती वर्षभर मागं राहिली, तिनं पैसे साठवले अन् मग गेली. आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा-ऑक्सफर्डला शिकून आले अन् देशाचे कृषिमंत्री झाले, हे आम्ही पोरांना दरवर्षी सांगतो. ह्या अंगणवाडीवाल्या बाईचंही मी आता वर्गात सांगतो.

कोरडवाहू_यवतमाळ
संत्राबागवाली ताई, मुंबईला व्हिसाले जायाले कोनती गाडी बरी? वहिनीचे आईवडील पण जाणार हाय भेटाले, धामणगाववरून.

संत्राबागवाली
विदर्भ एक्सप्रेस. रात्रीत जाते, सकाळी मुंबई. तुमच्या वहिनीचं माहेर धामणगावचं? माझी मोठी बहीण दिलीय तिथं!

कोरडवाहू_यवतमाळ
अरे वा! कोनत्या वार्डात? स्टेशनजवळ का?

संत्राबागवाली
निरोपात लिहिते. सोयरीकच निघंल आपली.

ओली_तूर
बोललो आम्ही. डिप्लोमा रद्द. हे एक वर्ष थांबायचं म्हणतात अन् मास्टर्सच्या मागं लागायचं. मी म्हटलं, मग मीही अर्ज करते. हे म्हणाले, कर की, आधी का नाही म्हणालीस. संत्राबागवाली ताई, जर्मन कुठून सुरू करू? इथं चांदूर बाजारला शिकवणी नाही.

संत्राबागवाली
उद्यापासून सुरू कर. आधी आकडे, मुळाक्षरं अन् स्वतःची ओळख, ए-१च्या तोंडी परीक्षेत हेच येतं. गोएथे संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका फुकट आहेत, आवाजासकट. दुपारी मला फोन करत जा, मी ऐकून घेईन. लग्नाची नोंद झाली नसेल तर सोमवारीच ग्रामसेवकाला विचार, दोघांचे वयाचे पुरावे, पत्रिका, फोटो अन् साक्षीदार सोबत ने. अन् दाखल्यावरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळवून घे, तिथंच, सही करायच्या आधी.